मुलीला तिच्या जन्मदेशी नेताना

परदेशातून दत्तक घेतलेल्या मुलीला तिचा जन्मदेश दाखवायला न्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिनेच विषय काढलाय, मग जरूर जा.

सगळ्यात महत्त्वाचं, हा प्रवास तिचा आहे. अनाथाश्रमाच्या दारात पोहोचल्यावर ती "आत नको" म्हणाली, तर तिथूनच मागे फिरा. नवे पालक हमखास इथेच चुकतात. एवढ्या लांब आलोय, एवढा खर्च केलाय, म्हणून रेटतात. कृपा करून तसं करू नका.

दुसरी चूक म्हणजे रोजचा दिवस भावनिक भेटींनी भरणं. अनाथाश्रमाची भेट दौऱ्याच्या मध्यावर ठेवा आणि त्याच्या पुढचा दिवस पूर्ण मोकळा सोडा. बाकी वेळ तिला तो देश नुसता बघू दे. आपल्यासारख्याच चेहऱ्यांच्या गर्दीत चालणं हे कित्येक मुलांसाठी सगळ्यात मोठं असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात:
- काही देश दत्तक गेलेल्या मुलांना अजूनही आपले नागरिक मानतात. व्हिसाचे नियम दूतावासाकडून आधीच समजून घ्या.
- दत्तक आदेशाची प्रत सोबत ठेवा.
- अनाथाश्रमाला काही महिने आधी पत्र लिहा. एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक देण्याबाबतच्या १९९३ च्या हेग करारातल्या देशांनी मुलाच्या मुळाची माहिती जपायची असते, पण ती किती दाखवायची हे तिथला कायदा ठरवतो.

जन्मदात्या आईचा शोध या खेपेला नको. त्याची तयारी वेगळी, त्यावर नंतर सविस्तर बोलू. तिने विचारलंच तर जे माहीत आहे ते खरं खरं सांगा.

परतल्यावर ती गप्प किंवा चिडचिडी झाली तर घाबरू नका, प्रश्नांचा भडिमारही करू नका. शाळा सुरू व्हायच्या आधी घरी आठवडाभर तरी मिळेल, अशाच तारखा निवडा.