साताऱ्याची इव्हो विकूनच ऑकलंडला यावे

आपण 2011 सालच्या मित्सुबिशी लान्सर इव्होल्युशन टेनविषयी विचारले आहे. साताऱ्याहून ऑकलंडला येताना ही गाडी सोबत आणावी, भावाकडे ठेवावी की विकावी, आणि इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधलेले असल्याने खरी किंमत मिळेल का, असा आपला प्रश्न आहे. मी मूळचा सांगलीचा असून अशीच गाडी विकून न्यूझीलंडला आलो. माझे मत स्पष्ट आहे: गाडी विकावी आणि आरसी खरेदीदाराच्या नावावर झाल्यावरच विमानात बसावे.

सोबत आणण्यात अर्थ नाही, कारण जपानमधील लिलावांतून आलेल्या वापरलेल्या गाड्या येथे भरपूर मिळतात. भावाकडे ठेवलेली गाडी उभी राहून खराब होते. मालकी हस्तांतराच्या (टीटी) फॉर्मवर सह्या करून ‘नाव नंतर चढवा’ असे सांगणे तर सर्वांत धोक्याचे आहे. गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे.

अशा गाडीची किंमत तिच्या कामाच्या नोंदी आणि बिलांच्या फाइलवर ठरते. जपानी लिलावात तपासनीस अपघातानंतर दुरुस्त केलेल्या गाडीवर तशी श्रेणी उघड नोंदवतो, तोच सचोटीचा मार्ग आपणही धरावा. इंजिन का खोलले, कोणते पिस्टन, बेअरिंग आणि गॅस्केट घातले, मशीन शॉपमध्ये कोणते काम झाले, याची बिले आणि छायाचित्रे तारखेनिशी लावावीत. प्रत्येक सिलिंडरमधील दाबाचे (कॉम्प्रेशनचे) ताजे आकडे त्यासोबत द्यावेत. ब्लॉक बदललेला असेल तर इंजिन क्रमांक आरसीशी जुळतो की नाही हे जाहिरातीआधीच पाहावे, कारण न जुळणारा क्रमांक नाव बदलताना हमखास अडतो. टर्बो किंवा एक्झॉस्ट बदललेले असल्यास काढून ठेवलेले मूळ भाग गाडीसोबत द्यावेत. उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करण्यास कायद्याने कडक मर्यादा आहेत, आणि जाणकार ग्राहक हे विचारतोच.

ग्राहक बहुधा पुण्या-मुंबईचा किंवा कोल्हापूरचा मिळेल. त्याला सकाळी थंड इंजिन स्वतः सुरू करू द्यावे आणि नंतर खंबाटकी घाटापर्यंत चालवू द्यावे, म्हणजे टर्बोचा दाब, गिअरबॉक्स आणि तापमान त्याला स्वतःच दिसेल. मागील दोन चाकांत ताकद वाटून देणाऱ्या एवायसी यंत्रणेचा पंप गंजणे हा या गाडीचा परिचित दोष आहे. त्याचे काम झाले असेल तर ते बिल सर्वांत वर ठेवावे. इंजिनावर झालेला सगळा खर्च किमतीत परत मिळेल, ही अपेक्षा मात्र सोडावी. हौशी माणूस चांगल्या कामाचा मान राखतो, पण पैसे तो गाडीच्या वर्षाचेही मोजतो.

ग्राहक कर्नाटकातला असेल तर आपल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र (एनओसी) लागेल आणि तिथला कर त्याला भरावा लागेल. हे बोलणी सुरू होतानाच सांगावे. पैसे बँकेमार्फतच घ्यावेत, कारण दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे कायद्यात बसत नाही. अनिवासी झाल्यावर भारतातील बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचे खाते, करावे लागते, म्हणून रक्कम त्याआधीच जमा झालेली बरी.

नोंदणीची पंधरा वर्षे संपत आली आहेत, याचाही विचार करावा. परदेशी बनावटीच्या चारचाकीच्या फेरनोंदणीचे शुल्क 2022 पासून 40,000 रुपये झाले आहे आणि जुन्या गाड्यांवरचा हरित कर वेगळा आहे. फेरनोंदणी आधी करून मग जाहिरात द्यावी. तपासणीत उतरलेली गाडी पाहून ग्राहकाची घासाघीस कमी होते.