मला लहानपणी गोवर येऊन गेलाय. आता लक्षणं नसताना माझ्याकडून बाळाला गोवर लागू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला लहानपणी गोवर येऊन गेलाय, तुमच्या बायकोने लशीचे दोन्ही डोस घेतलेत, आठवडाभर तुमच्याकडे राहणाऱ्या भाच्याच्या अंगावर काल पुरळ उठलं आणि घरात सात महिन्यांची मुलगी आहे.

आधी मुलीचं बघा, बाकीचं नंतर वाचा. गोवराचा रुग्ण पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून विषाणू पसरवत असतो. म्हणजे तिचा संपर्क पाच दिवसांपूर्वीच सुरू झाला, आणि तोही तुमच्याकडून नाही, भाच्याकडून. संपर्कानंतर 72 तासांच्या आत दिलेली लस उपयोगी पडते, ती वेळ टळली. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडींचं इंजेक्शन, मात्र सहा दिवसांपर्यंत देतात. त्यामुळे आजच बालरोगतज्ज्ञांना फोन करा आणि घरात गोवराचा रुग्ण आहे हे फोनवरच सांगा, नाहीतर दवाखान्यात बसलेल्या बाकीच्या मुलांनाही धोका होईल.

आता तुमचा प्रश्न. प्रतिकारशक्ती असलेल्या माणसाच्या शरीरातही गोवराचा विषाणू शिरू शकतो आणि थोडाफार वाढू शकतो. मी विषाणूंच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. घरात गोवराची साथ असताना ठणठणीत असलेल्या आईचे किंवा वडिलांचे काही दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने शेजारी ठेवले, की कधीकधी दुसऱ्यात अँटीबॉडी कितीतरी वाढलेल्या दिसतात. त्या माणसाला साधी शिंकही आलेली नसते. विषाणूची जुनी ओळख असलेल्या पेशींनी त्याला पसरण्याआधीच गाठलेलं असतं.

याचा फार सुंदर पुरावा एका योगायोगातून मिळाला. अमेरिकेतल्या एका महाविद्यालयात रक्तदान शिबिर झालं आणि लगेच तिथे गोवराची साथ आली, त्यामुळे संपर्काच्या आधीचं रक्त संशोधकांना आयतंच मिळालं. 1990 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. अँटीबॉडीचं प्रमाण 120 किंवा त्याहून कमी असलेल्या 9 जणांपैकी 8 जणांना गोवर झाला. 120 च्या वर असलेल्या 71 जणांपैकी एकालाही झाला नाही. पण या न झालेल्यांमध्येही, मधल्या पातळीच्या काहींच्या अँटीबॉडी नंतर चौपट किंवा जास्त वाढल्या. ज्यांच्या आधीच भरपूर होत्या, त्यांच्यात काहीच हललं नाही. म्हणजे आजारापासून संरक्षण आणि विषाणूला दारातच अडवणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि बहुतेक लोक निदान पहिलीवर असतात.

ही ताकद टिकवायला अधूनमधून विषाणूची गाठ पडावीच लागते असंही नाही. 1846 मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. तिथे आधीची साथ 1781 मधली. पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला आढळलं, की त्या जुन्या साथीत गोवर आलेल्या म्हाताऱ्यांपैकी कोणालाही तो पुन्हा झाला नाही. मधली 65 वर्षं बेटांवर गोवर नव्हताच.

तुमच्यासारख्या लक्षणं नसलेल्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता माझ्या मते नगण्य आहे. गोवर पसरतो तो खोकला आणि सर्दीतून, आणि विषाणू घशात व फुप्फुसात भरपूर वाढल्यावर. लस घेतलेल्यांकडून तो पसरल्याची उदाहरणं आहेत, पण फार थोडी. न्यूयॉर्कमध्ये 2011 साली दोन डोस झालेल्या एका व्यक्तीकडून चौघांना लागण झाली; मात्र ती व्यक्ती आजारी होती, तिला ताप आणि पुरळ होतं.

म्हणून तुम्ही दोघांनी पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवायचं ते सौम्य आजारावर. आधीच प्रतिकारशक्ती असलेल्यांचा गोवर सहज ओळखू येत नाही: ताप कमी, पुरळ विरळ, खोकला जेमतेम. रक्ताची नेहमीची आयजीएम (ताज्या संसर्गाच्या अँटीबॉडी शोधणारी) चाचणीही अशा वेळी निगेटिव्ह येऊ शकते. तेव्हा असं काही दिसलं तर मुलीपासून लांब राहा आणि घशातल्या स्वॅबची पीसीआर तपासणी मागून घ्या.