अलुकार्डचा लाल कोट: रुबाब की गणवेश?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 'हेलसिंग' या जपानी रक्तपिशाचकथेतल्या अलुकार्डचा पोशाख करायचा आहे, पण त्या लाल कोटाला, हातमोज्यांवरच्या चक्राला आणि नारिंगी चष्म्याला खरंच काही अर्थ आहे, की 'भारी दिसतं' म्हणून काढलंय? शिवाय तुम्ही फक्त 2001 ची मालिका पाहिली आहे. तुम्हाला आधी उत्तर देणाऱ्या दोघातिघांनी 'लाल म्हणजे रक्त' असं सांगून विषय मिटवलाय. ते चूक नाही, पण तेवढ्यावर थांबलं तर या पात्राची खरी गंमत हुकते.

आधी मालिकेबद्दल. गोन्झो स्टुडिओची ती तेरा भागांची मालिका आली तेव्हा कोता हिरानोची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) अर्धीही झाली नव्हती. 'यंग किंग अवर्स' मासिकात ती 1997 ते 2008 अशी चालली, दहा खंड झाले. मालिकेने मध्येच स्वतःची वाट धरली आणि इन्कॉग्निटो नावाचा खलनायक उभा करून कथा गुंडाळली. त्यामुळे अलुकार्डची जी रूपं पाहिल्यावर त्याच्या कपड्यांचा उलगडा होतो, ती तुमच्या नजरेखालून गेलीच नाहीत. 2006 ते 2012 या काळात आलेली दहा भागांची 'हेलसिंग अल्टिमेट' ही ओव्हीए (टीव्हीऐवजी थेट डिस्कवर आलेली मालिका) आधी पाहा, मग शिंप्याकडे जा. पुढे कथानक फुटणार आहे, तयारीने वाचा.

माझं म्हणणं असं, की अलुकार्डचा नेहमीचा पोशाख त्याचा स्वतःचा नाहीच. तो चाकरीचा गणवेश आहे. ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या कादंबरीतला काउंट ड्रॅक्युला पहिल्यांदा दार उघडतो तेव्हा नखशिखांत काळ्या कपड्यांत आहे, रंगाचा एक ठिपका नाही, असं स्टोकर मुद्दाम सांगतो. 1931 च्या चित्रपटाने काळा झगा कायमचा करून टाकला. अलुकार्ड हा तोच ड्रॅक्युला (नाव उलटं वाचा, एवढंच). व्हॅन हेलसिंगने त्याला मारलं नाही, हरवून बांधून ठेवलं आणि आपल्या घराण्याचा चाकर केलं, ही हिरानोची कल्पना. मग या नोकराच्या अंगावर काय दिसतं? व्हिक्टोरियन वळणाचा लांब कोट, गळ्याशी लाल क्रॅव्हॅट (गळपट्टा), रुंद काठाची हॅट, पांढरे हातमोजे. म्हणजे ज्यांनी हरवलं त्यांच्या देशाचे, त्यांच्या काळाचे कपडे. इंग्रजी बड्या घरांतले फुटमन, म्हणजे गणवेशातले नोकर, जेवण वाढताना पांढरे हातमोजे घालत, आणि लाल कोट म्हटलं की ब्रिटिश सैन्य आठवतंच. आपल्याकडच्या जुन्या कचेऱ्यांतल्या पट्टेवाल्याचा लाल पट्टा आठवा: दिसायला ऐट, पण तो पट्टा माणसाचा नसतो, साहेबाचा असतो. हिरानोने हे कुठे सांगितलंय असा माझा दावा नाही. पण चित्रं ओळीने लावली की दुसरं काही म्हणणं अवघड जातं.

आता हातमोजे, कारण सगळ्यात जास्त विचार तिथे झालाय. मांगा काळी-पांढरी आहे हे विसरू नका. लाल कोट मुखपृष्ठांवर आणि ॲनिमेत. आतल्या पानांवर तो कोट म्हणजे काळ्या शाईचा एक मोठा डाग असतो, त्यात हॅटच्या काठाखाली दात दिसतात आणि दोन पांढरे पंजे. पंजे पांढरे म्हणजे तिथे शाईच नाही, कोरा कागद. आणि त्या कोऱ्या जागेच्या मधोमध बारीक रेघांचं पंचकोनी ताऱ्याचं चक्र. नजर आपोआप तिथेच जाते. सगळ्यात उजळ जागा ही बेडीची जागा आहे.

त्या चक्रात शब्दही आहेत. हेलसिंगचं नाव, नरकाचं दार रोखल्याची ग्वाही आणि 'गॉट मिट उन्स'. हा शेवटचा तुकडा जर्मन, अर्थ 'देव आमच्यासोबत'. प्रशियाच्या सैन्यापासून थेट 1945 पर्यंत जर्मन सैनिकांच्या पट्ट्याच्या बक्कलवर हेच शब्द असायचे. कथेत लंडनवर चालून येणारे कोण? नाझींची उरलेली फौज. म्हणजे ज्यांना फाडायला या राक्षसाला मोकळं सोडायचं, त्यांच्याच सैन्याच्या बक्कलवरचं वाक्य त्याच्या हातावर. देव नेमका कोणासोबत, या प्रश्नावर कथेतले तिन्ही गट, अँग्लिकन हेलसिंग, व्हॅटिकनचं गुप्त पथक इस्कॅरियट आणि नाझी, एकमेकांची मुंडकी उडवत असतात. हिरानो त्यावर भाषण देत नाही, हातमोज्यावर लिहून मोकळा होतो.

बंध सोडतानाची ती मुद्रा तुम्ही पाहिली असेल. दोन्ही हात चेहऱ्यासमोर, बोटांची चौकट, त्यातून डोळा, आणि तोंडाने तिसरी, दुसरी, पहिली पातळी सोडल्याची घोषणा, क्रॉमवेलच्या नावाने मिळालेल्या परवानगीसह. एखाद्या सरकारी हुकुमाची भाषा आहे ती. दुसऱ्या ॲनिमेत नायक शक्ती वाढवताना किंचाळतो, इथे हा नियमावली वाचून दाखवतो.

आणि मग काय होतं ते नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. शक्ती मोकळी होते तसा लाल कोट नाहीसा होतो आणि अंगावर येतात काळे चामड्याचे पट्टे आणि बकला, वेड्यांना बांधून ठेवायच्या सदऱ्यासारखे. हे रूप आपण आधी पाहिलेलं असतं. लहानगी इंटेग्रा, पुढे जी हेलसिंग घराण्याची प्रमुख आणि अलुकार्डची धनीण होते, काकापासून जीव वाचवत तळघरात पळते तेव्हा तिथे याच चामड्यात जखडलेलं, पांढऱ्या केसांचं वाळकं प्रेत बसलेलं असतं. तिचं रक्त फरशीवर सांडतं, ते चाटून ते जागं होतं. म्हणजे ताकद जितकी सुटते तितका तो आणखी कैदी दिसतो. बाकीच्या मालिकांत पात्र बलवान झालं की चिलखत चढतं, पंख फुटतात. इथे वरचा शिष्टाचार गळून खालची कोठडी दिसते. डोळेच डोळे फुटलेला काळा कुत्रा त्याच वेळी बाहेर येतो आणि हल्ला करायला आलेल्या ल्यूक व्हॅलेंटाइन या रक्तपिशाचाला गिळतो. कुत्रा का, हे वेगळं सांगायला नको. हेलसिंग घराण्याचा बटलर वॉल्टर याने बनवून दिलेल्या काळ्या पिस्तुलाचं नावही 'जॅकल'च (कोल्हा) आहे. तेरा मिलिमीटरची गोळी, 39 सेंटिमीटर लांबी, सोळा किलो वजन, आणि वर कोरलेलं वाक्य येशू ख्रिस्त आता स्वर्गात असल्याचं. चाकराला धन्याने दिलेली वस्तू, तिच्यावर धन्याचा धर्म.

चष्मा आणि हॅटबद्दल फार खोलात जात नाही. हिरानोच्या पात्रांत चष्मेवाले मोजायला बसलात तर इंटेग्रा, व्हॅटिकनचा पाद्री अँडरसन, नाझींचा म्होरक्या मेजर, सगळेच निघतात. काच चमकली की डोळे गायब, माणूस वाचता येत नाही, ही त्याची जुनी खोड. अलुकार्डच्या बाबतीत एवढंच ध्यानात ठेवा की चष्मा आणि हॅट वरच्या झाकणाचा भाग आहेत. झाकण उडालं की तेही उडतात. भिंगं नारिंगी घ्या, लाल नको. लाल डोळे मागे आहेत, भिंगही लाल केलंत तर दोन्ही एकात मिसळतात.

अलुकार्डच्या शवपेटीकडे मात्र थांबायलाच हवं. तिच्यावर कोरलेली ओळ अशा अर्थाची: मी हर्मिसचा पक्षी, स्वतःला माणसाळवायला स्वतःचेच पंख खातो. हिरानोची नाही ही ओळ. पंधराव्या शतकातला इंग्रज किमयागार जॉर्ज रिप्ली, त्याच्या नावाने ओळखली जाणारी चित्रांची लांबलचक गुंडाळी आहे, तिच्यातली. त्या गुंडाळीत हा पक्षी स्वतःचा पंख चावताना काढलेला असतो, काही प्रतींत त्याला माणसाचं मुकुटधारी डोकं आहे. किमयागारांच्या लेखी त्याचा अर्थ साधारण असा, की उडून जाणारा पदार्थ, म्हणजे पारा, स्थिर करणे. हाती न लागणाऱ्याला एका जागी बसवणे. हेलसिंग घराण्याने या प्राण्याचं नेमकं हेच केलंय. फरक एवढाच की ओळ पक्ष्याच्या तोंडी आहे. पंख कोणी छाटले नाहीत, त्याने स्वतः खाल्ले. अलुकार्ड इंटेग्राचा हुकूम पाळतो तो निव्वळ जबरदस्तीने नाही, हे त्या एका ओळीत बसलंय.

यावरून एक जोड मला सुचते, हिरानोच्या मनात होती की नाही देव जाणे. ज्याच्यावरून ड्रॅक्युलाचं नाव आलं त्या ऐतिहासिक व्लादच्या, म्हणजे पंधराव्या शतकातल्या वालाकियाच्या (आजच्या रोमानियातला प्रदेश) राजाच्या, बापाने 1431 मध्ये राजा सिगिस्मुंडच्या 'ऑर्डर ऑफ द ड्रॅगन'मध्ये प्रवेश घेतला, त्यावरूनच पुढे ड्रॅक्युला हे नाव आलं. त्या संघटनेच्या चिन्हातला ड्रॅगन गोल वळलेला असतो, स्वतःची शेपटी स्वतःच्याच गळ्याला आवळून, आणि पाठीवर क्रॉस. क्रॉस वाहणारा, स्वतःला बांधून घेतलेला राक्षस. तुम्हाला कोटाच्या आतल्या बाजूला काही शिवून घ्यायचं असेल तर मी हे सुचवीन.

शेवटचं रूप शून्य पातळीचं, आणि ते इंटेग्राच्या हुकुमाशिवाय सुटत नाही. लंडन जळतंय, तिन्ही फौजा समोर आहेत, आणि शवपेटी उघडते. आजवर गिळलेले सगळे जीव लोंढ्यासारखे बाहेर पडतात, त्यात तुर्की जॅनिसरी (सुलतानाचे पायदळ सैनिक) आहेत आणि वालाकियाचे घोडेस्वारही. मागे सुळांचं रान उभं राहतं. 1462 मध्ये तुर्की सुलतान मेहमेद दुसरा वालाकियात शिरला तेव्हा तर्गोविष्टेजवळ व्लादने सुळावर दिलेल्यांचं जे रान त्याला दिसलं म्हणतात, तेच हे. आणि मधोमध अलुकार्ड: चिलखत, फाटका झगा, तलवार, दाढीमिशा. ना हॅट, ना क्रॅव्हॅट, ना चष्मा. या एकाच रूपात तो स्वतःच्या कपड्यांत आहे. आणि याच रूपात तो येऊन इंटेग्रापुढे गुडघा टेकतो. गणवेशातला नोकर वाकला तर त्यात विशेष ते काय? राजा चिलखतात वाकतो, म्हणून ते दृश्य अंगावर येतं.

या रूपाची सूचना हिरानोने खूप आधी देऊन ठेवली आहे. रिओच्या हॉटेलात पोलिसांची तुकडी त्याच्यावर सोडली जाते. थोड्या वेळाने बाहेरच्या गर्दीला दिसतं की हॉटेलसमोरच्या ध्वजस्तंभांवर प्रेतं रोवलेली आहेत. पहिल्यांदा पाहताना ती निव्वळ क्रूर चमत्कृती वाटते. अंगात लाल कोट आहे, हातात इंग्रजी पिस्तुलं आहेत, पण मारायची पद्धत पंधराव्या शतकातल्या वालाकियाची आहे. पुढे जहाजावर रिप या नाझी बंदूकधारी बाईला तो तिच्याच बंदुकीने भोसकतो, तेही तसंच. गणवेश बदलला, हाताची सवय नाही.

1944 च्या वॉर्सातलं पांढऱ्या कपड्यांतलं, पांढऱ्या केसाळ टोपीतलं मुलीचं रूप कुठे बसतं, असं कोणी विचारेल. माझ्या मते ते मुद्दाम कुठेच बसत नाही. त्याला वय नाही, स्त्री-पुरुष नाही, अंगकाठी हवी तशी. यामुळेच तो नेहमीसाठी जो एक पोशाख धरून ठेवतो, त्याला वजन येतं.

अलुकार्डने रक्तपिशाच बनवलेल्या सेरास व्हिक्टोरिया या पोलिसातल्या तरुणीकडेही बघा. बराच काळ ती रक्त प्यायला नकार देते आणि तोवर तिचा पोलिसी गणवेश पिवळसर असतो (2001 च्या मालिकेत निळा). भाडोत्री सैनिकांचा कप्तान पिप बर्नाडॉट याचं रक्त पिऊन ती पुरती रक्तपिशाच होते तेव्हा गणवेश गडद लाल होतो आणि तुटलेल्या डाव्या हाताच्या जागी सावलीचा पंख येतो. गुरूने पंख खाल्ले, शिष्येला फुटले. 'लाल म्हणजे रक्त' हे सेरासच्या बाबतीत जास्त खरं आहे.

आता तुमच्या पोशाखाचं. पैसे मर्यादित असतील तर कोटाच्या कापडावर कमी आणि हातमोज्यांवर जास्त खर्च करा. छापील स्टिकर लावू नका, दोन तासांत सोलतो. कापडी रंगाने बारीक ब्रशने काढा किंवा भरतकाम करून घ्या, आणि अक्षरं गिचमीड न करता वाचता येतील अशी ठेवा, जवळून फोटो काढणारे नेमके तिथेच कॅमेरा आणतात. हॅटचा काठ बाजारात मिळतो त्याहून बराच रुंद लागतो आणि तो किंचित लोंबायला हवा, ताठ काठाने आब जातो. पिस्तुलं फोमची करा आणि मुंबई कॉमिक कॉनला जाणार असाल तर नकली शस्त्रांचे त्या वर्षीचे नियम आधी वाचून घ्या, दारावर वाद घालण्यात अर्थ नाही. आणि गर्दीत सगळेच लाल कोटात असणार, तेव्हा जमलं तर चामडी पट्ट्यांचं रूप करून बघा. रेक्झिनचे पट्टे आणि बकला बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे स्वस्तात मिळतात. फक्त खाली सुती बनियन घाला, आणि एक हात मोकळा राहील असे बांधा, नाहीतर पाणी पाजायला कोणीतरी सोबत लागेल.