रामदेवरायाच्या लेकीची नातीगोती

प्रश्न : दौलताबादचा किल्ला दाखवणारे वाटाडे सांगतात, की रामदेवराय यादवाची एक मुलगी अलाउद्दीन खिलजीला दिली होती. एका जुन्या हिंदी काव्यात तिचे नाव छिताई असल्याचेही ऐकले. यावरून आमच्या घरी वाद झाला. वडिलांच्या मते ही निव्वळ भाकडकथा आहे. अशी राजकन्या खरोखर होऊन गेली का, आणि तिच्या माहेरचे व सासरचे नाते पुढे कसे राहिले?
— एक वाचक, खुलताबाद

उत्तर : आपल्या वडिलांची शंका रास्त आहे, पण निम्मीच. छिताईची कथा हे काव्य आहे आणि ते काव्य म्हणूनच वाचावे. नारायणदास या कवीने ती या घटनांनंतर फार काळाने रचली. तिच्यात देवगिरीची, म्हणजे आजच्या दौलताबादची, राजकन्या द्वारसमुद्राच्या (होयसळांच्या राजधानीच्या) राजपुत्राला दिलेली असते, सुलतान तिला पळवून नेतो आणि अखेरीस पती-पत्नींची पुन्हा भेट होते. इतिहासातल्या राजकन्येच्या वाट्याला असा शेवट आला नाही. ती राजकन्या मात्र होती. इसामी हा फार्सी इतिहासकार तिचे नाव झट्यापाली असे देतो, ती रामदेवरायाची मुलगी, अलाउद्दीनची पत्नी आणि शिहाबुद्दीन उमर या सुलतानाची आई असल्याचे सांगतो. (फार्सी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नसल्याने हे नाव निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळे वाचलेले आढळेल, त्यावरून ती वेगळी बाई समजू नये.) इसामीवर विश्वास का ठेवायचा, असे आपण विचाराल. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीकरांना दौलताबादला हलवले, त्यांत इसामी सोळाव्या वर्षी आजोबांबरोबर निघाला होता. आजोबा वाटेतच वारले. पुढे तो दौलताबादेतच राहिला आणि १३५० मध्ये बहमनी सुलतानासाठी आपला इतिहास पुरा केला. म्हणजे त्याने या बाईविषयी लिहिले ते तिच्या माहेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहून, तिच्या मुलाच्या मृत्यूला पुरती पस्तीस वर्षेही झाली नव्हती तेव्हा.

आता नात्यांकडे वळू, कारण या प्रकरणातली खरी गुंतागुंत तिथेच आहे. १२९६ मध्ये अलाउद्दीन देवगिरीवर पहिल्यांदा आला तेव्हा तो सुलतान झालेला नव्हता. गंगाकाठच्या कडा या प्रांताचा सुभेदार होता आणि दिल्लीच्या सिंहासनावर त्याचा चुलता आणि सासरा जलालुद्दीन बसलेला होता. यादवांची मुख्य फौज रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव याच्याबरोबर बाहेर गेलेली होती. गडावर धान्य म्हणून घाईघाईने चढवलेली पोती फोडली तेव्हा त्यांत मीठ निघाले, आणि मग तह करण्यावाचून रामदेवरायापुढे मार्ग उरला नाही. खंडणी थकल्यावर १३०७ च्या सुमारास अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर चालून आला आणि राजाला दिल्लीला घेऊन गेला. तिथे मात्र त्याचा अपमान न होता ‘राय-ए-रायान’ (राजांचा राजा) हा किताब, एक लाख टंके (त्या वेळची नाणी) आणि नवसारीचा प्रांत देऊन त्याला परत पाठवण्यात आले. हा सन्मान निव्वळ सासरेपणाचा होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल, कारण दक्षिणेच्या पुढच्या स्वाऱ्यांसाठी दिल्लीला देवगिरीचा तळ आणि रसद हवी होती, आणि ती रामदेवरायाने दिलीही.

याच सुमारास गुजरातचा पदच्युत राजा कर्ण वाघेला याची मुलगी देवलदेवी देवगिरीला यायला निघाली. ती शंकरदेवाला, म्हणजे झट्यापालीच्या भावाला, द्यायची ठरली होती. फिरिश्ता हा इतिहासकार सुमारे तीनशे वर्षांनंतर लिहितो, की गुजरातच्या आघाडीवरील अल्पखानाच्या फौजेतले काही शिपाई सहज वेरूळची लेणी पाहायला गेले असता तिथे त्यांची या वऱ्हाडाशी गाठ पडली आणि मुलगी त्यांच्या हाती लागली. खुलताबादेहून वेरूळ किती जवळ आहे हे आपल्याला सांगायला नको. देवलदेवीची आई कमलादेवी आधीच गुजरातच्या पाडावात पकडली जाऊन अलाउद्दीनच्या जनान्यात होती. मुलगीही तिथेच पोचली आणि पुढे अलाउद्दीनचा थोरला मुलगा खिज्रखान याच्याशी तिचे लग्न झाले. खिज्रखानाची आई अल्पखानाची बहीण. म्हणजे ज्याच्या शिपायांनी नवरी पकडली, तोच नवरदेवाचा मामा. आपल्या राजकन्येच्या बाजूने पाहा : जी तिची वहिनी व्हायची, ती सावत्र मुलाची बायको म्हणून तिची सून झाली, आणि त्या सुनेची आई तिची सवत. अमीर खुसरोने देवलदेवी-खिज्रखानाच्या प्रेमावर दीर्घ काव्य लिहिले, म्हणून ते प्रकरण सर्वांना ठाऊक झाले. झट्यापालीच्या नशिबी असा कवी आला नाही.

रामदेवराय वारल्यावर शंकरदेवाने खंडणी थांबवली आणि काफूरशी झालेल्या लढाईत तो मारला गेला. म्हणजे नवऱ्याच्या सेनापतीच्या हातून भाऊ गेला. त्यानंतर काफूर काही काळ देवगिरीतच राहून कारभार पाहत होता. जानेवारी १३१६ मध्ये अलाउद्दीन मरण पावला तेव्हा त्याच काफूरने थोरल्या मुलांना बाजूला सारून झट्यापालीच्या मुलाला, जेमतेम पाच-सहा वर्षांच्या शिहाबुद्दीनला, गादीवर बसवले. यात मुलाविषयीचे प्रेम नव्हते. लहान सुलतानाच्या नावाने सत्ता स्वतःकडे ठेवता येते, एवढाच हिशेब होता. खिज्रखान आणि त्याचा भाऊ शादीखान यांचे डोळे काढण्यात आले. महिनाभराने काफूर पहारेकऱ्यांच्या हातून मारला गेला, एप्रिलमध्ये सावत्र भाऊ मुबारक स्वतः सुलतान झाला आणि शिहाबुद्दीनची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. त्याचेही डोळे काढले गेले. रामदेवरायाचा नातू दिल्लीच्या तख्तावर बसला होता, ही गोष्ट मराठवाड्यातल्या किती जणांना शाळेत शिकवली गेली असेल, याबद्दल मला शंकाच आहे.

माहेरी अजून एक माणूस उरला होता : रामदेवरायाचा जावई हरपाळदेव, म्हणजे झट्यापालीच्या बहिणीचा नवरा. दिल्लीतल्या गोंधळाचा फायदा घेऊन तो स्वतंत्र झाला, तेव्हा मुबारक जातीने देवगिरीवर आला, हरपाळदेवाला पकडून त्याची कातडी सोलण्यात आली आणि देह देवगिरीच्या वेशीवर टांगण्यात आला. दौलताबादेत भारतमातेचे मंदिर म्हणून आज आपण जी वास्तू पाहतो, ती मूळची याच मुबारकच्या काळातली, १३१८ ची जामा मशीद. आतले खांब जुन्या देवळांचे आहेत. देवगिरीहून परतताना आपल्याविरुद्ध कट झाल्याचे मुबारकला कळले आणि त्याने ग्वाल्हेरच्या कैदेतल्या तिन्ही आंधळ्या भावांना ठार मारवले. शिहाबुद्दीन त्यांतला सर्वांत धाकटा. मेहुण्याचा आणि मुलाचा अंत असा एकाच स्वारीच्या अनुषंगाने, एकाच माणसाच्या हुकमाने झाला.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात सापडलेल्या पुरुषोत्तमपुरीच्या ताम्रपटात या सोयरिकीचा उल्लेख आहे का?
— एक वाचक, माजलगाव

उत्तर : नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. गोदावरीकाठच्या या गावचा ताम्रपट शके १२३२ चा, म्हणजे १३१० चा आहे. रामदेवराय दिल्लीहून परत आल्यानंतर दोन-तीन वर्षांतच तो कोरला गेला, तरी त्यात पराभवाचा शब्द नाही. उलट राजाने वाराणसी मुक्त केल्याची फुशारकी आहे. दानपत्र लिहिणारा पंडित धन्याची कीर्ती गातो, त्याने कोणाला मुलगी द्यावी लागली याची नोंद ठेवत नाही. मात्र आधीच्या प्रश्नाशी जुळणारी एक गोष्ट त्यात आहे. रामदेवरायाने चुलतभाऊ आमणदेव याच्याकडून देवगिरी कशी घेतली, हे तो ताम्रपट अभिमानाने सांगतो. हा आमणदेव महादेवराय यादवाचा मुलगा. बापामागे गादीवर बसून त्याला थोडेच दिवस झाले होते. नाटकमंडळीच्या वेषात रामदेवरायाची माणसे गडावर शिरली आणि आमणदेव कैद झाला, असे सांगतात. ताम्रपट इथेच थांबतो. पुढचे महानुभावांच्या ग्रंथांत आहे : रामदेवरायाने त्या चुलतभावाचे डोळे काढवले. तेव्हा १२७१ साल होते; राजाच्या नातवाला त्याच शिक्षेला सामोरे जायला अजून पंचेचाळीस वर्षे होती.