लिनक्सची डिस्क विंडोजला लावली की फॉरमॅट करा म्हणतं, आतले फोटो कसे काढू?

आधी तो मेसेज कॅन्सल करा, फॉरमॅट चुकूनही दाबू नका. डिस्क गेलेली नाहीये. तुम्ही ती लिनक्सवर वापरत होतात म्हणजे ती बहुतेक ईएक्सटी४ मध्ये (डिस्कवर फाइली मांडायची लिनक्सची पद्धत) असणार, आणि विंडोजला ते मुळात वाचताच येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते पुसून टाकू का असं विचारायची त्याची जुनी खोड आहे.

माझंही हेच झालेलं. ऐरोलीहून कळव्याला मामाकडे ताईच्या हळदीचे फोटो घेऊन गेलो, त्याच्या लॅपटॉपला डिस्क लावली तर हाच मेसेज, आणि मामा 'अरे येस करू का' म्हणत माउस तिकडे नेतोय, मी चहाचा कप तसाच ठेवला आणि केबलच उपटली (तशी उपटू नये, पण त्या क्षणी दुसरं काय सुचणार).

नुसते फोटोच काढायचे असतील तर डिस्कइंटर्नल्सचं लिनक्स रीडर टाका. फुकट आहे, आणि फक्त वाचतं, डिस्कवर काही लिहीत नाही, म्हणून बिनधास्त. मामाकडे त्यानेच काम झालं.

वरचेवर लागणार असेल आणि विंडोज ११ असेल तर डब्ल्यूएसएल २ वर (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) उबंटू हे लिनक्स टाका, पॉवरशेल (विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी) अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि डिस्क जोडणाऱ्या माउंट कमांडला (wsl --mount) डिस्कचा आणि पार्टिशनचा नंबर द्या. डिस्कचा नंबर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतो, तिथे साइज बघून खात्री करा, लॅपटॉपची स्वतःची डिस्क बहुतेक वेळा ० असते. मग फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडे पेंग्विन दिसेल, त्यात उबंटू, आत एमएनटी, त्याच्या आत डब्ल्यूएसएल, तिथे तुमचे फोल्डर. डिस्क काढण्याआधी ती अनमाउंट कराच. पेनड्राइव्ह आणि एसडी कार्ड मात्र असं सरळ जोडता येत नाही, माझा एक अख्खा रविवार त्यात गेलाय.

कोणी एक्स्ट२एफएसडी (विंडोजला अशा लिनक्स डिस्क वाचता-लिहिता याव्यात म्हणून टाकायचा ड्रायव्हर) सुचवेल, पण त्याचं ०.६९ व्हर्जन २०१७ चं आहे, नव्या उबंटूत फॉरमॅट केलेल्या डिस्कवर त्याने लिहायची माझी तरी हिंमत नाही.

फोटो दुसरीकडे कॉपी झाले, दोनचार उघडून बघितले, की मगच डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून टाका, ते विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालतं, लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २०१९ च्या ५.४ पासून आहे. फॅट३२ नको, ४ जीबीच्या वरची फाइल त्यात बसत नाही, आणि हळदीचा व्हिडिओ नेमका तेवढा असतोच.