समाधी ही खूण, डबा दुसरीकडे : लेटरबॉक्सिंगविषयी तीन प्रश्न

प्रश्न : भाचा न्यूयॉर्कला असतो. तिथे जुन्या बेसबॉलपटूच्या थडग्यापाशी जाऊन, खुणांवरून डबा शोधून वहीत शिक्का उमटवण्याचा खेळ तो खेळतो. आमच्या तालमीतल्या जुन्या मल्लाची समाधी आहे. तिथे असा डबा ठेवता येईल का? (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : समाधीजवळ येईल, समाधीवर किंवा चौथऱ्याच्या फटीत मात्र मुळीच ठेवू नका. १८५४ साली इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट या वाटाड्याने आल्या-गेल्यांची कार्डे टाकायला एक बाटली ठेवली, तिथून लेटरबॉक्सिंगचा हा खेळ सुरू झाला. डब्यात हाताने कोरलेला शिक्का आणि वही असते. शोधणारा आपला शिक्का त्या वहीत उमटवतो, डब्यातला आपल्या वहीत घेतो आणि डबा होता तसा ठेवून येतो.

ब्रुकलिनच्या ग्रीनवुड दफनभूमीत १८६२ साली अवघ्या एकविसाव्या वर्षी गेलेला पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) जिम क्रेटन आहे, आणि बेसबॉलवर आयुष्यभर लिहिणारे हेन्री चॅडविकही (निधन १९०८) तिथेच आहेत. अशा जागी जाणता खेळाडू दगड हलवत नाही, माती उकरत नाही. थडग्यावरची अक्षरे तो फक्त खूण म्हणून वापरतो आणि डबा परवानगी असेल तिथे, बहुधा आवाराबाहेर ठेवतो. घरचे लोक दर्शनाला आले असताना कोणी दगडामागे चाचपडत असेल, तर ते त्यांना बघवणार नाही.

तुम्हीही तेच करा. समाधी सांभाळणाऱ्या घराला आणि तालमीच्या वस्तादांना आधी विचारा. मग संकेत असा लिहा : ‘पाटीवरच्या मृत्युवर्षाचे शेवटचे दोन आकडे घ्या. तालमीच्या दाराच्या उंबऱ्याला पाठ लावून तितकी पावले पूर्वेला चला.’ शेवटची जागा म्हणजे ओळखीच्या दुकानाचा कट्टा किंवा तालमीतली फळी. घाटावर, देवळाच्या रांगेत किंवा स्टँडवर डबा ठेवू नका. बेवारस वस्तू दिसली की पोलीस येणार, आणि त्यांचे बरोबरच असेल. डबा पारदर्शक घ्या आणि आत ‘खेळाचा डबा, पाहून परत ठेवा’ अशी चिठ्ठी दिसेल अशी लावा.

पन्हाळ्याचा मोह सगळ्यांना होतो. तो संरक्षित किल्ला आहे, २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. तटाच्या दगडांत काहीही कोंबायचे नाही. बुरूज खूण म्हणून वापरा, डबा खाली गावात एखाद्या चहावाल्याकडे ठेवा.

प्रश्न : खोडरबरावर शिक्का कोरला, तर अक्षरे उलटी आली आणि बारीक रेघा तुटल्या. (राजारामपुरी)

उत्तर : चित्र मऊ पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर काढा, तो पालथा घालून खोडरबरावर चमच्याच्या पाठीने घासा. चित्र रबरावर आपोआप उलटे उतरते आणि ठसा सुलटा येतो. थेट रबरावर काढले, की अक्षरे हमखास फसतात.

रेघ तुटते ती पाते आत वळल्यामुळे. कटरचे टोक रेघेखाली न जाता रेघेपासून बाहेरच्या बाजूला गेलेले हवे, म्हणजे रेघेचा पाया रुंद राहतो. आतून पोखरलेली रेघ दोन-चार ठशांतच लवते. मोकळी जागा लिनोकटच्या (ठसे कोरण्याच्या) व्ही आकाराच्या हत्याराने दोन-तीन मिलिमीटर खोल काढा. उथळ राहिली की शाईचे डाग उठतात. वळणावर हत्यार फिरवू नका, रबर फिरवा. देवनागरी लिपीत शिरोरेघ आधी सोडवून घ्या, मग खालचे काने. सुरुवातीला पाच सेंटिमीटरच्या चौकोनात दोनच अक्षरे पुरेत.

एक गोष्ट फार जण विसरतात. पांढरे व्हिनाइलचे खोडरबर कडक प्लॅस्टिकला टेकून राहिले, की दोन्ही विरघळल्यासारखी चिकटतात, कारण रबर मऊ ठेवणारे द्रव्य प्लॅस्टिकमध्ये झिरपते. कोरलेला भाग लाकडी ठोकळ्यावर चिकटवा आणि सुती कापडात गुंडाळून ठेवा. आखाड्याच्या लाल मातीचे हात असतील, तर आधी धुवा. ती बारीक माती खाचांत बसली, की नुसत्या फुंकरीने निघत नाही.

प्रश्न : जूनमध्ये ठेवलेल्या डब्यातली वही ऑगस्टमध्ये भिजलेली निघाली. डबा तर हवाबंद होता. (कसबा बावडा)

उत्तर : बहुतेक वेळा वहीच्या पिशवीचा कोपरा झाकणात अडकलेला असतो. तेवढ्या फटीतून पाणी वातीसारखे आत ओढले जाते. चारही बाजूंनी खटके असलेला, झाकणात सिलिकॉनची मऊ पट्टी असलेला डबा घ्या. ठेवण्याआधी आत टिश्यू पेपर घालून, वर दगड ठेवून तो रात्रभर बादलीत बुडवा. सकाळी पेपर कोरडा निघाला तरच वापरा. वही एका झिपच्या पिशवीत आणि शिक्का दुसरीत ठेवा. स्टॅम्प पॅड डब्यात ठेवूच नका, उन्हाने सुकतो. येणाऱ्याने आपला आणावा. पाण्याने न पसरणारी पिगमेंट शाई वापरा, मात्र ती सुकायला वेळ लागतो. ठसा उमटवून लगेच वही मिटली, तर समोरच्या पानावर दुसरा ठसा उठतो. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात लवकर भरतात, दर महिन्याला बदला. आणि दगडाखाली हात घालण्याआधी काठीने चाळवून बघा, विंचू असतो.