भूकंप सुमात्राजवळ होतो, मग अभ्यासाला इतके देश कशासाठी?

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुक्यातील एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न अगदी योग्य आहे. एक भूपट्ट (पृथ्वीच्या कठीण कवचाचा प्रचंड तुकडा) दुसऱ्याखाली सरकतो ती सीमा एका देशाच्या हद्दीत मावत नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी इंडोनेशियातील सुमात्रा बेटापासून अंदमानपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर लांबीचा प्रस्तरभंग (खडकांतील मोठी भेग) सरकला आणि त्सुनामी थेट आफ्रिकेपर्यंत पोहोचली. जपानमधील २०११ च्या तोहोकू भूकंपानंतर त्या देशाच्या ‘चिक्यू’ जहाजावरून विविध देशांच्या शास्त्रज्ञांनी सुमारे ७ किलोमीटर खोल पाण्याखाली समुद्रतळात छिद्र घेतले, तेव्हा निसरड्या चिकणमातीचा पातळ थर सापडला. समुद्रतळावरील खोल खंदकाजवळ, प्रस्तरभंगाच्या वरच्या उथळ भागातही भूपट्ट इतका का सरकला, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यातून मिळाले, आणि माझ्या मते सहकार्याचे याहून भक्कम उदाहरण नाही. चंद्रपूरहून रेल्वेने गाठता येणाऱ्या हैदराबादेत २००७ पासून भारताचे त्सुनामी इशारा केंद्र असून ते हिंद महासागरातील इतर देशांनाही सूचना पाठवते.